कोरियनमधलं 'नुन' आणि 'गा': मराठी डोक्यात कसं बसवायचं?

अनुजा_सातारा:

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची. गेले आठ महिने पीएचडीसाठी दक्षिण कोरियात देजॉनला आहे. लॅबमध्ये सगळं इंग्रजीत चालतं, त्यामुळे सुरुवातीला कोरियनकडे लक्षच दिलं नाही. आता वसतिगृह सोडून बाहेर खोली घेतली आणि घरमालकीण, दवाखाना, कोपऱ्यावरची खानावळ, कुठेच इंग्रजीचा उपयोग होईना. हांगुल अक्षरं आठवड्याभरात आली. शब्दही चार-पाचशे झाले असतील. पण वाक्य करायला घेतलं की गाडी अडते.

अडते ती शब्दाच्या शेपटीला लागणाऱ्या प्रत्ययांवर, ज्यांना इथे 'चोसा' म्हणतात. माझं पुस्तक इंग्रजीतलं आहे. 'नुन' म्हणजे विषय आणि 'गा' म्हणजे कर्ता, एवढं ते सांगतं. पण मी मराठीत विचार केला तर विषय आणि कर्ता एकच वाटतो. कुठे काय लावायचं हे दरवेळी अंदाजाने ठरवते आणि निम्म्या वेळा चुकतं.

मागच्या आठवड्यात खानावळीतल्या आजींना मनापासून सांगायला गेले की किमची छान झालीय. म्हटलं, "किम्छिनुन माशिस्सॉयो." आजींचा चेहरा उतरला. "मग बाकीचं?" असं काहीतरी त्या म्हणाल्या. लॅबमधल्या मैत्रिणीने नंतर सांगितलं की तिथे 'किम्छिगा' हवं होतं. का, ते तिलाही सांगता आलं नाही. तिची मातृभाषाच ती. मला फार वाईट वाटलं, कारण त्या आजी मला रोज वाटीभर जास्तीचं वाढतात.

'ए' आणि 'एसॉ' या जागा दाखवणाऱ्या प्रत्ययांतही असाच घोळ होतो, आणि वाक्य जरा लांबलं की सगळंच विस्कटतं. पुढे टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेचा पहिला टप्पाही द्यायचा आहे. मराठीतून कोरियन शिकलेलं कोणी इथे आहे का?

---

काप्छॉनकाठी:

अनुजा, तुझा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. मी देजॉनमध्येच आहे, नऊ वर्षं झाली. नवरा तेदॉकच्या संशोधन संकुलात नोकरीला. आम्ही आलो तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. त्याच्या बालवाडीच्या बाई रोज एका वहीत चिठ्ठी लिहून पाठवायच्या: आज काय खाल्लं, किती झोपला, उद्या काय आणायचं. ती वही माझ्या हातात असायची आणि माझ्याच मुलाबद्दलचं मला वाचता यायचं नाही. मी कोरियन शिकले ते त्या वहीसाठी.

पहिलं दीड वर्ष मीही इंग्रजी पुस्तकातून शिकले. त्या दीड वर्षाची मला आजही हळहळ वाटते. कोरियन वाक्य आधी इंग्रजीत नेऊन उलटंपालटं करायचं आणि मग तिथून मराठीत आणून पुन्हा सरळ करायचं, असा तो द्राविडी प्राणायाम होता. मधलं घर काढून टाकलं तर कोरियन आणि मराठी जवळजवळ भिंतीला भिंत लागून आहेत.

हे मला कळलं ते मेट्रोत. आपल्या देजॉनला एकच मार्ग आहे, फान्आम ते पान्सॉक, तूही त्यानेच जात असशील. स्टेशन यायच्या आधी ऐकू येतं ना, "नेरिशिल मुनुन ओरुन्च्चोगिम्निदा"? हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. एकदा युसॉंग ओन्छॉनला उतरायला दाराशी उभी होते आणि सहज तोडून पाहिलं. 'नेरि' म्हणजे उतर. 'शि' हा प्रवाशांसाठी आदराचा. 'ल' म्हणजे आपलं '-यचं'. 'मुन' म्हणजे दार. 'ओरुन्च्चोक' म्हणजे उजवी बाजू, आणि शेवटी 'इम्निदा' म्हणजे आहे. उतरायचं दार उजवीकडे आहे. शब्दाखाली शब्द, त्याच क्रमाने! हेच इंग्रजीत करून बघ, दार आधी येतं आणि उतरणं त्याच्या मागे जातं. मी दारातच थांबले, दार बंद झालं आणि पुढच्या स्टेशनावर उतरून चालत घरी आले. त्या संध्याकाळी मी इंग्रजी पुस्तक कपाटात ठेवलं.

लिहिण्याबद्दल थोडं. कोरियन शब्द मी देवनागरीत लिहितेय म्हणजे नवख्यांनाही वाचता येतील. 'ऑ' हा डॉक्टरमधला. 'नुन' आणि कर्माला लागणारा 'रुल' यांतला उ ओठांचा चंबू न करता म्हणायचा, त्याला आपल्याकडे अक्षर नाही. शब्दाच्या सुरुवातीला क, प, च ऐकू येतो तोच मध्ये आला की ग, ब, ज होतो. तू स्वतः मात्र हांगुलमध्येच लिहीत जा.

आता नुन आणि गा. व्यंजनान्त शब्दाला 'उन' आणि 'ई', स्वरान्ताला 'नुन' आणि 'गा', एवढं तुला येतच असेल. ते जिभेच्या सोयीसाठी आहे, अर्थाचा त्यात संबंध नाही.

अर्थासाठी श्रावणातली कहाणी आठव. "आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या." पहिल्यांदा राजा गोष्टीत पाऊल टाकतो तेव्हा तो 'एक राजा' असतो. ऐकणाऱ्याची आणि त्याची ओळख नाही. तिथे गा. ओळख झाली, आता त्याच्याविषयी काही सांगायचं, की तो 'तो राजा' होतो. तिथे नुन. कोरियन गोष्टीही अशाच सुरू होतात: "येन्नारे होरांगिगा सारास्सॉयो. होरांगिनुन पेगा कोफास्सॉयो." फार पूर्वी एक वाघ राहत होता. त्या वाघाला भूक लागली होती. पहिला वाघ गा घेऊन आला, दुसऱ्या वाक्यात त्याच वाघाला नुन लागला. मी आजही अडले की मनात 'एक' आणि 'तो' लावून बघते.

दुसरी कसोटी प्रश्नाची. "नुगा हेस्सॉयो?" म्हणजे कोणी केलं? उत्तर, "चेगा हेस्सॉयो", मी केलं. इथे 'चॉनुन' म्हटलं तर कोरियन माणूस गोंधळतो. पण "तू काय करतेस?" असं कोणी विचारलं तर "चॉनुन हाक्सेंगियेयो", मी विद्यार्थिनी आहे. पहिल्या वाक्यात उत्तर 'मी' या शब्दातच आहे. दुसऱ्यात 'मी' हा नुसता उंबरठा, उत्तर पुढे आहे. ज्या शब्दात उत्तर असतं त्याला गा, ज्याच्यापुढे उत्तर येतं त्याला नुन. म्हणूनच 'कोण' या प्रश्नशब्दाला नुन लागलेला तुला ऐकू येणार नाही.

आता तुझ्या आजी. नुनचं आणखी एक काम असतं, आणि ते काम मराठीत 'मात्र' करतो. कुणाकडे जेवायला गेलीस आणि पानावरून उठताना म्हणालीस, "वहिनी, लोणचं मात्र छान होतं हं." वहिनींना काय वाटेल? तू आजींना तेच म्हणालीस. "ओनुरुन येप्पॉयो" हेही तसंच, आज मात्र छान दिसतेस. एकच पदार्थ उचलून त्याला नुन लावला की बाकीचे पदार्थ आपोआप पलीकडे उभे राहतात. पण यात तुझा भाव चुकला नव्हता, प्रत्यय चुकला, आणि तो उद्या दुरुस्त करता येतो. पुढच्या वेळी ताट परत देताना फक्त म्हण, "दा माशिस्सॉयो." सगळंच छान आहे.

इथपर्यंत मराठी मदतीला येते. पण मराठी जिथे फसवते ती जागाही सांगायलाच हवी, आणि ती जागा म्हणजे आपला 'ला'. हा एकच प्रत्यय आपण इतक्या ठिकाणी वापरतो की कोरियनमध्ये त्याची चार घरं होतात. मुलाला पाहिलं: "आइरुल प्वास्सॉयो." मुलाला खाऊ दिला: "आइहान्थे क्वाजारुल च्वॉस्सॉयो." सोलला गेले: "सॉउरे कास्सॉयो." आणि मला भूक लागली: "चॉनुन पेगा कोफायो", जिथे 'मला'चा 'ला' चक्क नुन झाला. ला दिसला की लगेच रुल लावायचं नाही. आधी विचारायचं, क्रिया त्याच्यावर झाली, त्याच्यापर्यंत काही पोचलं, तिथे गेलं, की नुसती त्याची गोष्ट चालली आहे? उलट बाजूनेही फसगत होते. 'मी सफरचंद खाते' यात सफरचंदाला आपण काहीच लावत नाही, कारण निर्जीवाला ला लावायची आपल्याला सवय नाही. कोरियनला सजीव-निर्जीव सारखेच: "साग्वारुल मॉगॉयो." मराठी माणसाच्या लिखाणात रुल गळतो तो इथे.

दुसरी फसगत 'ने'ची. आई आली, पण आईने सांगितलं. मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. भूतकाळात आपलं क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. कोरियनमध्ये यातलं काहीच नाही. ऑम्मागा येते, ऑम्मागा सांगते, ऑम्मागा सांगून गेली, सगळीकडे गा, आणि क्रियापदाला ना लिंग ना वचन. मी कितीतरी महिने गा म्हणजे ने असं धरून चालले होते, त्यामुळे 'आई आली'सारख्या वाक्यांत लिहितानाही गा गाळायचे. बालवाडीच्या बाईंनी एकदा माझ्या चिठ्ठीत तो लाल पेनाने हळूच घालून परत पाठवला, तेव्हा समजलं.

आणि लगेच एक चांगली बातमी. 'मला चहा आवडतो' हे वाक्य नीट बघ. आवडतो कोण? चहा. कॉफी असेल तर आवडते. क्रियापद चहाचं ऐकतं, माझं नाही. कोरियनमध्ये हुबेहूब: "चॉनुन छागा चोआयो." इंग्रजीतून येणारे इथे हमखास रुल लावतात, कारण त्यांच्याकडे माणूस चहाला आवडून घेतो. आपल्याला ही चूक व्हायचं कारणच नाही. डोकं दुखतं, "मॉरिगा आफायो." पैसे लागतात, "तोनी फिर्योहेयो." पैसे नाहीत, "तोनी ऑप्सॉयो." सगळीकडे दुखणारी, लागणारी, नसणारी वस्तूच कर्ता. फक्त 'चोआहेयो' म्हटलंस तर ते 'पसंत करते' होतं, आणि तिथे रुल.

ए आणि एसॉचं मी असं लक्षात ठेवलं. मराठीत 'घरी आहे' आणि 'घरी काम करते' दोन्हीकडे घरी, म्हणून गोंधळ होतो. पण हल्ली आपण 'घरून काम करते' म्हणतो ना? तो 'ऊन' म्हणजेच एसॉ. "चिबे इस्सॉयो", घरी आहे. "चिबेसॉ इरेयो", घरून काम करते. भारतातून आले यालाही तोच: "इंदोएसॉ वास्सॉयो." असणं, जाणं, पोचणं याला ए. तिथे राहून काही करायचं असेल किंवा तिथून निघायचं असेल तर एसॉ. राहण्याला, म्हणजे 'साल्दा'ला, दोन्ही चालतात, तिथे डोकं शिणवू नकोस.

लांब वाक्यांची मला सगळ्यात जास्त गोडी आहे, म्हणून ती शेवटी ठेवली. "चिबे कासॉ पाबुल मॉगॉस्सॉयो." घरी जाऊन जेवले. 'कासॉ' म्हणजे जाऊन. जाऊनला काळ नसतो, तसा कासॉलाही नसतो. इंग्रजीच्या वाटेने जाणारा तिथे भूतकाळ घालतो आणि 'कास्सॉसॉ' म्हणतो, ते चूक. "ऑजे सान छेक" म्हणजे काल घेतलेलं पुस्तक. पोनुन, पोन, पोल यांच्यापुढे सिनेमा ठेव: बघत असलेला सिनेमा, बघितलेला सिनेमा, बघायचा सिनेमा. मेट्रोतला 'नेरिशिल' हा यातलाच तिसरा. पोनुनमधला नुन वेगळा, हे मात्र ध्यानात ठेव. तो क्रियापदाला चिकटलाय, नामाला नाही. मी सुरुवातीला दोन्ही एकच समजत होते.

आणि हे बघ. 'पोदा' म्हणजे बघणे. "मॉगॉ बोसेयो" म्हणजे खाऊन बघा. 'चुदा' म्हणजे देणे. "हे जुसेयो" म्हणजे करून द्या. 'तुदा' म्हणजे ठेवणे. "सा दुदा" म्हणजे घेऊन ठेवणे. 'पॉरिदा' म्हणजे टाकून देणे, आणि "मॉगॉ बॉर्यॉस्सॉयो" म्हणजे खाऊन टाकलं. हे पहिल्यांदा एका ओळीत लिहून काढलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. या दोन भाषांचं घराणं एक नाही, कुठलं नातं नाही, आणि तरी बघणं, देणं, ठेवणं, टाकणं ही तीच क्रियापदं तशीच दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीला लागतात. इंग्रजी पुस्तकात यातल्या प्रत्येकाला वेगळा नियम क्रमांक होता. तुला नियम पाठ करायचाच नाही, तू जन्मापासून तो बोलतेस.

युसॉंगचा आठवडी बाजार दर पाच दिवसांनी भरतो, तारखेच्या शेवटी 4 किंवा 9 असेल त्या दिवशी. तिथे जा आणि "क्काक्का जुसेयो" म्हण, कमी करून द्या. मी प्रत्यय शिकले ते बरेचसे तिथल्या भाजीवाल्या आज्यांकडून. त्या चुकीचं वाक्य बरोबर करून पुन्हा म्हणून दाखवतात आणि मूठभर मिरच्या वर टाकतात.

---

रांजणगाव_दुसरी_पाळी:

ताई, फार उपयोगी लिहिलंत. मी रांजणगावच्या एका कोरियन कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. आमचे कोरियन साहेब बोलताना ऐकतो तेव्हा गा आणि रुल निम्म्या वेळा गायबच असतात. "पाप मॉगॉस्सॉयो?" (जेवलात का?) म्हणतात, 'पाबुल' कोणी म्हणत नाही. मग नवशिक्याने यावर एवढा जीव का काढायचा? मी तर शब्द ओळीने ठेवतो, शेवटी सुम्निदा लावतो, आणि काम भागतं. टोपिकचा पहिला टप्पा मी याच जोरावर दिला. ऐकण्याचे 30 आणि वाचनाचे 40 प्रश्न, 200 पैकी 80 ला पहिली पातळी, 140 ला दुसरी. लेखन नाहीच. मला पहिली मिळाली.

---

काप्छॉनकाठी:

दादा, अभिनंदन. तुम्ही ऐकता ते बरोबर ऐकता. आपणही 'जेवलात का?' म्हणतो, जेवण हा शब्दही घेत नाही. पण कोरियन माणूस काय गाळतो हे बघा. गाळतो तो रुल, गाळतो तो गा, कधी जाण्याच्या जागेचा ए. कारण शब्दांच्या क्रमावरून आणि क्रियापदावरून ते कळतंच. एसॉ सहसा गाळत नाही. कोणाकडून याचा 'हान्थेसॉ' गाळत नाही. 'बुथो', 'क्काजी', म्हणजे पासून आणि पर्यंत, गाळत नाही. आणि मात्रवाला नुन तर नाहीच. ज्याच्यावर अर्थ टेकलाय तो खांब कोणी काढत नाही. काय गाळायचं हे ठरवायला आधी काय होतं ते माहीत पाहिजे, म्हणून नवशिक्याने सगळे लावावेत असं माझं ठाम मत आहे. वाचनाच्या प्रश्नपत्रिकेत गाळलेल्या जागा असतात, त्यांत हे प्रत्ययही विचारतात. दुसऱ्या पातळीचे गुण तिथेच आहेत, पुढच्या खेपेला तुम्हाला नक्की मिळतील.

---

निवृत्त_मराठी_शिक्षक:

मी कोरियन शिकलेलो नाही. माझी नात शिकते आहे, तिच्या वह्या चाळतो. तीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलं, म्हणून एक गोष्ट डोळ्यांत भरली ती सांगतो.

आपल्याकडे विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी नामाचं सामान्यरूप होतं. घोडा, घोड्याला. पाणी, पाण्यात. मुलांना सगळ्यात जड जातं ते हेच. पण च, ही, सुद्धा, देखील, मात्र, पण हे शब्द लागताना नाम जसंच्या तसं राहतं. घोडाच, घोडासुद्धा, घोडा मात्र. यांना आपण शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणतो. नातीच्या वहीवरून मला असं दिसतं की कोरियनमधले सगळेच प्रत्यय या शुद्ध जातीचे आहेत. नामाला ते धक्काच लावत नाहीत. तिचा 'दो' म्हणजे आपला 'ही', तिचा 'मान' म्हणजे 'फक्त' किंवा 'च'. आणि वर ताईंनी नुनला मात्र म्हटलं आहे, तोही याच ओळीतला. अनुजा, तू विभक्तीच्या तक्त्यात नुन शोधत होतीस, म्हणून तो सापडला नाही. तो अव्ययांच्या तक्त्यात आहे.

---

काप्छॉनकाठी:

गुरुजी, नमस्कार. नऊ वर्षांत हे मला कोणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. अपवाद थोडेच आहेत. 'चॉ'ला गा लागला की 'चेगा', 'ना'ला (हाही 'मी'च, पण साधा) लागला की 'नेगा', आणि 'नुगु'चा, म्हणजे कोणचा, 'नुगा'. बाकी नामं जागची हलत नाहीत. आणखी एक, दो लागला की गा आणि रुल निघून जातात, 'चॉदो' म्हणजे मीही. पण ए आणि एसॉ जागेवर राहतात आणि दो त्यांच्यानंतर येतो: "चिबेसॉदो", घरूनही. आपला 'ही' हेच करतो, घरूनच्या शेवटी येऊन बसतो.

---

अनुजा_सातारा:

ताई, गुरुजी, दादा, तुमचे सगळ्यांचे आभार कसे मानू! काल रात्री सगळं वहीत उतरवून काढलं. आज दुपारी खानावळीत गेले, ताट परत देताना "दा माशिस्सॉयो" म्हटलं. आजी काउंटरच्या मागून बाहेर आल्या, माझा हात धरला आणि बरंच काही बोलल्या. निम्मं कळलं. निघताना एका डब्यात किमची भरून दिली.

मेट्रोतही आज कान देऊन ऐकलं. उतरायचं दार डावीकडे होतं, "वेन्च्चोक". पहिल्यांदाच ते वाक्य सगळं कळलं.

तीन वाक्यं स्वतः करून बघितली आहेत, तपासाल का?

"चॉनुन साताराएसॉ वास्सॉयो." मी साताऱ्याहून आले.

"ऑजे शिजांगे ओइरुल सास्सॉयो." काल बाजारात काकडी घेतली.

"हाल्मॉनिनुन चुन किम्छिरुल मॉगॉ बॉर्यॉस्सॉयो." आजींनी दिलेली किमची खाऊन टाकली.

---

काप्छॉनकाठी:

हात धरला ना? मग झालं तर.

पहिलं अगदी बरोबर. गुरुजींचं म्हणणंही बघ, साताराचं 'साताऱ्या' करायची गरजच पडली नाही.

दुसऱ्यात 'शिजांगेसॉ'. बाजारात तू नुसती गेली नव्हतीस, तिथे काकडी घेतलीस.

तिसरं वाक्य आठ महिन्यांत केलंस याचा मला फार आनंद झाला. त्यात दोन दुरुस्त्या. 'आजींनी दिलेली' हा किमचीच्या अंगावरचा तुकडा आहे, मुख्य गोष्ट आजींची नाही. अशा आतल्या तुकड्यातल्या कर्त्याला साधारणपणे नुन लागत नाही, गा लागतो: "हाल्मॉनिगा". आणि आजींनी दिली म्हणून 'चुन'च्या जागी आदराचा शि घालून 'चुशिन'. अजून अदब हवी असेल तर गाच्या जागी 'क्केसॉ', पण खानावळीतल्या आजींशी गा चालतो. म्हणजे वाक्य असं: "हाल्मॉनिगा चुशिन किम्छिरुल मॉगॉ बॉर्यॉस्सॉयो."

हे आजींना सांगणार असशील तर 'दा' घालून साधं "दा मॉगॉस्सॉयो" म्हण, सगळी खाल्ली. 'खाऊन टाकली'मध्ये थोडी हळहळ किंवा सुटका ऐकू येते. आणि तरीही तेच म्हणायचं असेल तर 'मॉगॉ' नीट, स्पष्ट उच्चार. तो शब्द गळला आणि नुसतं "किम्छिरुल पॉर्यॉस्सॉयो" राहिलं, तर आजींना ऐकू येईल की किमची टाकून दिली.